सांगेन तेवढंच लिहा

बसस्थानकावरच्या बाईंचा आवाज गावात सगळ्यांना माहीत होता, चेहरा मात्र फार थोड्यांना. उभी हयात त्या चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारत राहिल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोरगं हरवून खिडकीपाशी रडत उभं आहे. मग एक दिवस पुकारायला यंत्र आलं. बाईंच्या निवृत्तीला थोडाच अवकाश होता, म्हणून त्यांना पासच्या खिडकीवर बसवलं. तिथून त्या घरी आल्या, आणि घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता बोलायला कुणीच नाही.

लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर तिच्याशी भांडण तरी व्हायचं. आई गेली. भाऊ परगावी. त्याचा फोन यायचा तो तब्येत विचारायला, आणि 'ठीक आहे' म्हटलं की संपायचा. दूधवाल्याला 'एकच पिशवी' आणि वाण्याला 'बाकी काही नको', काही दिवस तर एवढ्यावरच निघायचे. एकदा रस्त्यात कुणी पत्ता विचारला तेव्हा बाईंच्या घशातून आवाजच फुटेना. खाकरून पत्ता सांगावा लागला. ज्या आवाजावर गाव गाडी पकडायचं, तो असा गंजून गेला होता.

छकुलीशी त्यांची गाठ पडली ती औषधाच्या दुकानात.

"खोकल्याचं औषध द्या, बिनसाखरेचं," एवढंच बाई म्हणाल्या, आणि शेजारी पांढरी काठी घेऊन उभी असलेली मुलगी गर्रकन वळली.

"तुम्ही स्टँडवरच्या ना?"

बाई गोंधळल्या. नोकरीत असतानासुद्धा त्यांना असं कुणी ओळखलं नव्हतं.

"आजोळी जाताना मी आईला मुद्दाम लवकर निघायला लावायचे, तुम्हाला ऐकायला," मुलगी म्हणाली. "गावाचं नाव घेण्याआधी तुम्ही एवढंसं थांबायचात. मला वाटायचं, आता कुठलं गाव येतंय!"

ही मुलगी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मापासून दृष्टी नव्हती, पण जिभेला धार होती. घरात धाकटी म्हणून सगळे तिला छकुली म्हणत, सव्विशी आली तरी. औषधाच्या दुकानापासून बाईंच्या दारापर्यंत ती बोलत आली, आणि दारात पोहोचल्यावर म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी वाचाल का? मोठ्यानं?"

"काय वाचायचं?"

"सगळं. मी देशाच्या नागरी सेवेची परीक्षा देतेय. फोन वाचून दाखवतो मला, पण झेरॉक्सच्या नोट्स आल्या, तक्ते आले, नकाशे आले की त्याची बोबडी वळते. भाऊ वाचतो तर जांभया देतो. आई वाचते तर मध्येच रडते."

"रडते कशाला?"

"दुष्काळाचा धडा आला की रडते. अख्खा अर्थशास्त्राचा पेपर तसलाच आहे."

बाई हसल्या. किती दिवसांनी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिची पाळी सकाळची असायची. दुपारी चहाच्या वेळेला भाऊ तिला बाईंच्या दाराशी सोडून जायचा आणि दिवेलागणीला न्यायला यायचा. बाईंची समजूत अशी होती की परीक्षा म्हणजे परीक्षा: एक पुस्तक असेल, धडे असतील, शेवटी पेपर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पुस्तक कुठलं?"

"पुस्तक असं नाहीच."

"मग अभ्यास कशाचा करायचा?"

"जगाचा," छकुली म्हणाली. मग तिनं टेबलावर तीन वाट्या मागितल्या आणि एकीशेजारी एक मांडल्या. "ही पूर्व परीक्षा, ही मुख्य परीक्षा, ही मुलाखत. पूर्वपरीक्षेत दोन पेपर. प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. पहिल्या पेपरात इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, विज्ञान, पर्यावरण, चालू घडामोडी. दुसऱ्यात उतारे, गणित, तर्क. दुसऱ्यात नुसतं पास व्हायचं. पहिल्याच्या मार्कांवर पुढच्या वाटीत जायला मिळतं."

"आणि ते मार्क पुढे धरतात?"

"नाही. तिथेच टाकून द्यायचे."

"म्हणजे मर मर मरून मार्क मिळवायचे आणि टाकून द्यायचे?"

"मावशी, पहिली परीक्षा म्हणजे तिकीट नव्हे. नुसतं स्टँडच्या फाटकातून आत सोडतात. गाडीत जागा पुढे ठरते."

हे बाईंना एकदम समजलं. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात हे मात्र त्यांना पटेना. "चुकलं तर वरून दंड? आणि सोडून दिलं तर?"

"सोडून दिलं तर काही नाही."

"मग गप्प बसणारा शहाणा."

"सगळेच गप्प बसले तर घेणार कुणाला? किती बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, तेच तर बघतात."

मधली वाटी सगळ्यांत जड होती. दोन भाषांचे पेपर नुसते पास होण्यापुरते. मग निबंध. मग सामान्य अध्ययनाचे चार: एकात इतिहास, समाज, भूगोल, दुसऱ्यात घटना, कारभार, परराष्ट्र संबंध, तिसऱ्यात अर्थव्यवस्था, शेती, विज्ञान, सुरक्षा, आपत्ती, चौथा नीतिमत्तेचा. आणि वर आपल्या पसंतीचा एक विषय, त्याचे दोन पेपर.

"तुझी पसंती कुठली?"

"तत्त्वज्ञान. त्यात नकाशे नाहीत, तक्ते नाहीत, अभ्यासक्रम आखूड आहे."

तेव्हापासून बाईंच्या स्वयंपाकघरात गॅसवर भात शिजत असायचा आणि टेबलाशी आत्मा आहे की नाही याचा खल चालायचा. बाईंना राहवेना. "इतक्या शहाण्या माणसांनी इतकी वर्षं डोकं फोडलं, उत्तर नाही. मग परीक्षा कसली घेतात?"

"उत्तर विचारत नाहीत. कोण काय म्हणालं आणि त्यावर दुसरा काय म्हणाला, ते विचारतात."

"म्हणजे नळावरची भांडणंच की."

"अगदी तीच. फक्त इथे कुणी कुणाची घागर फोडत नाही."

नकाशांसाठी बाईंनी स्वतःच युक्ती काढली. पुठ्ठ्यावर लोकरीचे धागे चिकटवून नद्या केल्या, डाळीचे दाणे ओळीनं लावून डोंगर केले, समुद्राच्या जागी जुन्या परकराचं मऊ कापड. छकुली त्यावरून बोटं फिरवायची आणि बाई सांगायच्या: इथून वर, आता डावीकडे, ही सामुद्रधुनी, दोन समुद्रांच्या मधली चिंचोळी वाट. जन्मभर बाईंनी फक्त गाडी जाते तिथवरची गावं उच्चारली होती. आता त्यांच्या तोंडी भलभलत्या देशांच्या राजधान्या आल्या. वर्तमानपत्राचं संपादकीय पान त्यांना आधी अंडी बांधायच्या कामाचं वाटायचं. आता त्या ते आदल्या दिवशीचंसुद्धा जपून ठेवत.

वाचता वाचता त्या थांबल्या की छकुली म्हणायची, "पुढे." कंटाळून नव्हे, पान उलटल्यासारखं. दार लावून घेतल्यावरही बाईंच्या कानात तो शब्द राहायचा.

पूर्वपरीक्षेला दृष्टिहीन उमेदवाराला स्वतःचा लेखनिक आणता येत होता. छकुलीनं बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी हो म्हणायला क्षणाचाही उशीर केला नाही. नवीन चप्पल घेतली. ओळखपत्राची प्रत काढून आणली. परीक्षेच्या शाळेत त्यांना वेगळी खोली मिळाली, तिथे एक पर्यवेक्षक बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. ते म्हणाले, "प्रश्न जसा आहे तसा वाचायचा. त्या सांगतील तेच लिहायचं. स्वतःचं काही नाही."

"मला सवय आहे," बाई म्हणाल्या. "मी दुसऱ्यांनी लिहिलेलंच वाचत आले."

अर्धा पेपर सुरळीत गेला. मग एक प्रश्न आला: अमुक सामुद्रधुनी कोणत्या दोन समुद्रांना जोडते. बाईंनी चारही पर्याय वाचले. मनात त्यांना लोकरीचा निळा धागा दिसला, त्याच्या दोन्ही बाजूंचं कापड दिसलं. आपल्याच हातांनी चिकटवलेलं.

"ब," छकुली म्हणाली.

ब नव्हतं. क होतं. बाईंचं पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. पर्यवेक्षकांना काही कळलं नाही, त्यांना फक्त एक वयस्क बाई उत्तरपत्रिकेवरचा गोल शोधताना दिसली. पण छकुलीनं मान किंचित वळवली. तिच्या भुवया वर गेल्या.

बाईंना वाटलं, आता ही म्हणेल, थांबा, बदला. म्हणू दे. आपण तर काही बोललो नाही.

छकुली हळूच म्हणाली, "सांगेन तेवढंच लिहा, मावशी. पुढे."

बाईंनी ब रंगवलं.

निकाल लागला तेव्हा छकुलीचा क्रमांक यादीत नव्हता. थोडक्या मार्कांनी हुकली होती. बाईंनी तिच्याच शेजारी बसून यादी वाचली, वरून खाली आणि मग खालून वर. छकुलीनं दोन दिवस सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दारात उभी राहिली. "नीतिमत्ता काढा," ती म्हणाली. "आज तोच पेपर."

त्या पेपरात गोष्टी असतात. तुम्ही अमुक अधिकारी आहात, तुमच्यासमोर असा पेच आहे, तुम्ही काय कराल आणि का. बाईंनी एक गोष्ट वाचली, दुसरी वाचली. तिसरीच्या मध्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

"मला उत्तर येत होतं," त्या म्हणाल्या. "त्या समुद्राचं."

"माहीत आहे. तुम्ही थांबलात तेव्हाच मला कळलं की माझं चुकलंय."

"मग बदललं का नाहीस?"

"ते माझं उत्तर नव्हतं ना. तुमच्या थांबण्यातून आलेलं होतं." छकुलीनं कपाकडे हात नेला, पण उचलला नाही. "त्या एका प्रश्नानं काही गेलं नाही, मावशी. आणखी बरेच चुकले होते. पण पुढच्या वेळी तुम्ही नका येऊ लिहायला."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"राग नाही माझा. तुम्हाला आता सगळं येतं. मी चुकले की तुमचा श्वास बदलतो, आणि मला तो ऐकू येतो. मी कान बंद करू शकत नाही. मला असं कुणीतरी हवं, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही."

बाईंना हे पटलं. पटलं म्हणूनच जास्त लागलं. इतकी वर्षं त्या काहीही न कळता वाचत आल्या होत्या, तशाच वाचत राहिल्या असत्या तर चाललं असतं. कळायला लागलं, गोडी लागली, आणि त्यापायीच परीक्षेच्या खोलीतली खुर्ची गेली. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या आणि तिसरी गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली.

पुढल्या खेपेला इस्पितळातल्या एका परिचारिकेची भाची लेखनिक म्हणून गेली. बाई घरीच राहिल्या. त्यांनी सगळे डबे पुसून घेतले, फडताळातले कागद बदलले, मग परत एकदा डबे पुसले. संध्याकाळी छकुलीचा फोन आला, "बरा गेला." बाईंनी विचारलं, "भाची वाचते कशी?" छकुली म्हणाली, "गाडी सुटल्यासारखी." त्यावर दोघी खूप हसल्या आणि फोन ठेवल्यावर बाई तशाच खुर्चीत बसून राहिल्या.

या वेळी छकुली पूर्वपरीक्षा पास झाली. मुख्य परीक्षाही पास झाली. सगळे दिवस ती भाचीच लिहायला होती, आणि सगळे दिवस बाई दुपारच्या चहाचं आधण दोन कपांचं टाकून मग एक कप कमी करत होत्या. राहिली मुलाखत. तिसऱ्या वाटीत पुस्तक नसतं, पेपर नसतो. पाच-सहा माणसं टेबलामागे बसतात आणि तुमच्याशी बोलतात, आणि बोलता बोलता तुम्हाला जोखतात.

"माझा चेहरा कसा दिसतो, उत्तर येत नसतं तेव्हा?" छकुलीनं विचारलं. "खरं सांगा. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

बाईंनी नीट पाहून घेतलं. "भुवया चढतात. आणि मान खिडकीकडे जाते, जसं काही उत्तर बाहेर उभं आहे."

मग रोज तालीम सुरू झाली. बाई टेबलाच्या पलीकडे बसायच्या, चष्मा नाकावर, आवाज अगदी नोकरीतला. "बसा. आपलं शिक्षण? आपण हीच सेवा का निवडलीत? आपल्या जिल्ह्यात पाणी कमी पडलं तर पहिल्या आठवड्यात काय कराल?" छकुली उत्तरं द्यायची आणि बाई मध्येच म्हणायच्या, "खिडकी!" की ती मान सरळ करायची.

एक दिवस बाईंनी विचारलं, "आपल्याला दिसत नाही. फायली कशा वाचणार?"

छकुलीनं तयारच ठेवलेलं उत्तर दिलं. "वाचायला माणसं मिळतात, सर. आणि वाचणाऱ्याच्या आवाजावरून मला कळतं की तो कुठे अडखळतोय आणि कागदात काय दडलंय."

"हे उत्तर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. ते खरंच चांगलं होतं. रात्रीचं पान वाढून घेताना मात्र त्यांच्या मनात त्यातला एकच शब्द घोळत राहिला. मिळतात.

छकुलीची निवड झाली. अगदी वरच्या सेवेत नाही, पण हिशेब तपासणीच्या खात्यात, आणि तेही काही कमी नव्हतं. तिच्या घरी माणसांची रीघ लागली. बाईही गेल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. कुणीतरी काकूनं विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" छकुलीच्या आईनं लगबगीनं सांगितलं, "अहो, या वाचायच्या तिला. फार केलं यांनी." आणि ती पुढच्या पाहुण्याकडे वळली. आईच्या बोलण्यात काही खोट नव्हती. छकुलीला इतक्या जणांनी घेरलं होतं की तिला बाईंचा आवाज ऐकूच आला नसता, आणि बाईंनी तो काढलाही नाही.

दोन दिवसांनी सकाळीच फोन आला. "मावशी, पेपरात माझं आलंय म्हणे. घरात सगळे नुसते फोटो बघतायत. तुम्ही वाचा ना."

बाईंनी चष्मा लावला आणि बातमी वाचायला घेतली. जन्म, शाळा, इस्पितळातली नोकरी, अपयश, जिद्द. शेवटी छापलं होतं: आई-वडील आणि भाऊ यांच्या पाठिंब्यामुळेच हे यश मिळालं, असं तिनं सांगितलं.

"मी त्याला तुमचं पण सांगितलं होतं," छकुली म्हणाली. "दोनदा सांगितलं. आलंय ना?"

बाई थांबल्या. मग वाचल्यासारखं म्हणाल्या, "'तसंच रोज अभ्यासाचं वाचून दाखवणाऱ्या आपल्या मावशींचाही तिनं आवर्जून उल्लेख केला.'"

कागदावर नसलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं.  त्यांचं थांबणं छकुलीला ऐकू गेलं असणार. तिला सगळंच ऐकू जायचं.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे हवामान आहे," बाई म्हणाल्या.

प्रशिक्षणाचं ठिकाण लांब होतं, एक दिवस आणि एक रात्र प्रवासाची. बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनातल्या मनात त्यांनी घर आवरायला घेतलं होतं. कुंड्या शेजारी द्याव्या, गॅसची टाकी बंद करावी, हिवाळ्याची शाल वर काढून ठेवावी. निरोप घ्यायला आली तेव्हा छकुली म्हणाली, "आई येतेय सोबत. नंतर नेमणुकीच्या गावीही तीच राहील." बाई म्हणाल्या, "हे बेस झालं. आईसारखं दुसरं कोण!" छकुलीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग भावानं बाहेर हॉर्न वाजवला.

सुरुवातीला फोन वारंवार यायचे. नवी पुस्तकं, नवे शिक्षक, घोड्यावर बसवलं त्याची गंमत. मग कामं वाढली, फोन पांगत गेले. एकदा सुट्टीत ती येऊन गेली, अंगात कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं तसंच धारदार. तासभर बसली. जाताना म्हणाली, "मावशी, तुम्ही बारीक झालात. हातावरून कळतं."

पुढल्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या सकाळी बाई भाजी आणायला म्हणून निघाल्या आणि त्या शाळेवरून गेल्या. फाटकाबाहेर गर्दी होती. पारदर्शक पाण्याच्या बाटल्या, हातात प्रवेशपत्रं, कोपऱ्यात उभं राहून शेवटची पानं चाळणारी मुलं. घंटा झाली, मुलं आत गेली, पालक बाहेर राहिले. भिंतीलगतच्या कठड्यावर बाई टेकल्या.

शेजारी एक आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. "तुमचं कोण आहे आत?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. चालून दमले, म्हणून बसले."

"माझा मुलगा आहे. काही सांगतच नाही हो. सारखा दार लावून बसतो. दोन पेपर आहेत म्हणे आज, एवढंच मला माहीत."

"दुसऱ्याची काळजी करू नका, त्यात नुसतं पास व्हायचं असतं. पहिला महत्त्वाचा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं: हे मार्क पुढे धरत नाहीत, चुकलं तर कापतात, यातून निघाला तर निबंध, चार सामान्य अध्ययनाचे, दोन त्याच्या पसंतीचे, आणि शेवटी मुलाखत. ती आई मान डोलवत ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "मी त्याला काय विचारलं म्हणजे तो बोलेल?"

बाईंनी विचार केला. "त्याचा पसंतीचा विषय कुठला, ते विचारा. आणि तोच का, ते विचारा. मग थांबा."

"तुम्ही शिक्षिका होतात का?"

"नाही."

दुपारी पहिल्या पेपराची घंटा झाली. फाटक उघडलं आणि मुलं लोंढ्यानं बाहेर आली. ती आई ताडकन उठली, टाचा उंचावून बघायला लागली, आणि मग "अरे, इकडे, इकडे!" म्हणत गर्दीत घुसली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पाहायचं कारणही नव्हतं. बाई थोडा वेळ बसल्या. ऊन कठड्यावर आलं तेव्हा उठल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात एका माणसापुरती भाजी घेतली आणि घरी गेल्या.